संस्थेचा संगणक, अंतर्गत नियंत्रण आणि जोखीम : सांगली जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था आणि कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या भागातल्या नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या सिस्टीम ऑडिटचे (संगणक व्यवस्था आणि तिच्यातल्या नियंत्रणांच्या तपासणीचे) काम आम्ही करतो. ऑडिट सुरू असताना, चहा आला की, जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. बहुतेक भानगडी तिथेच होतात, म्हणून ती तशीच ठेवली.

अंतर्गत नियंत्रण म्हणजे ऑडिटच ना? ते आमचे दरवर्षी होते.

नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे होणारे लेखापरीक्षण झालेले व्यवहार तपासते. नियंत्रण व्यवहार होत असतानाच आडवे येते. कॅशियरला स्वतःच्या खात्याचे व्हाउचर स्वतः पास करता न येणे, रोकड किर्दीशी जुळल्याशिवाय डे-एंड (सिस्टीममध्ये दिवसाचे काम बंद करणे) न होणे, मंजुरीपेक्षा जास्त उचल सिस्टीमनेच नाकारणे, ही नियंत्रणे.

हा विषय जगभर ज्या चौकटीतून शिकवला जातो ती म्हणजे कोसो (COSO), त्याच नावाच्या अमेरिकी समितीने केलेली. ती १९९२ साली आली आणि २०१३ मध्ये सुधारली गेली. तिचे पाच घटक आहेत: नियंत्रणाचे वातावरण, जोखमीचे मूल्यमापन, प्रत्यक्ष नियंत्रणे, माहिती आणि संवाद, देखरेख. वातावरण पहिले आहे ते उगाच नाही. अध्यक्षांच्या एका फोनवर मंजुरीआधी पैसे सुटत असतील तर उरलेले चार घटक फाइलला लावायच्या कामाचे.

आमचे सीबीएस (कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र सांभाळणारी प्रणाली) नावाजलेल्या कंपनीचे आहे. नियंत्रणे त्यातच असणार ना?

सोय असते, पण ती चालू आहे का ते बघावे लागते. एका क्लार्कने किती रकमेपर्यंत पास करायचे, मागच्या तारखेची नोंद कोणाला करता येते, बंद पडलेले खाते कोण उघडू शकतो, ही सगळी सेटिंग्ज संस्थेने ठरवायची असतात. सॉफ्टवेअर बसवताना आलेला माणूस काम अडू नये म्हणून सगळे अधिकार मोकळे ठेवून जातो आणि पुढे कित्येक वर्षे तिकडे कोणी फिरकत नाही.

दुसरी गोष्ट सिस्टीमच्या सांध्यांची. २०१८ च्या सुरुवातीला उघडकीला आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या जाळ्यावरून) जात होते, आणि स्विफ्ट सीबीएसला जोडलेले नव्हते. हमी एका यंत्रातून गेली आणि दुसऱ्या यंत्रातल्या वहीत तिचा पत्ता नव्हता. रक्कम १३,००० कोटींच्या वर गेली. तुमच्याकडे स्विफ्ट नसेल. पण एटीएमचा स्विच (एटीएमच्या व्यवहाराला परवानगी देणारी यंत्रणा), मोबाइल ॲप, पिग्मीचे (रोज दारात येऊन गोळा होणाऱ्या ठेवीचे) मशीन, सोनेतारणाची वेगळी एक्सेल फाइल यांतले सीबीएसशी आपोआप काय जुळते आणि हाताने काय टाकावे लागते, याची यादी करा. जिथे हाताने टाकावे लागते तिथे रोजचा ताळमेळ आणि त्याखाली सही हवी.

आमच्या शाखेत तीनच माणसे आहेत. मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची) कसे पाळायचे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि अडचण खरी आहे. शाखाधिकारी वसुलीला गेलेले, क्लार्क रजेवर, आणि काउंटरवर आजारपणासाठी पैसे काढायला आलेला सभासद. अशा वेळी काय होते ते आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. कीबोर्ड उचलला की खाली कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा, त्यावर साहेबांचा पासवर्ड. शेवटी साल. साल बदलले की पासवर्ड बदलतो, आणि सगळ्यांना तो न सांगता कळतो.

मग लॉगमध्ये (सिस्टीम आपोआप ठेवते त्या नोंदीत) नोंद करणारा आणि पास करणारा अशी दोन नावे दिसतात, प्रत्यक्षात हात एकच. पुढे काही घडले तर ज्याचा पासवर्ड, त्याच्या अंगावर येते. हे शाखाधिकाऱ्यांना नीट समजावून सांगितले तरी निम्मे काम होते, असे आमचे मत.

बाकीचे निम्मे असे जमवता येते. ठरावीक रकमेपर्यंत शाखेत पास, त्यापुढचे मुख्य कार्यालयातून पास. आता सगळीकडे इंटरनेट आहे, तेव्हा त्यासाठी कोणाला प्रवास पडत नाही. अधिकारी नसेल त्या दिवशी दुसऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आयडीवर तेवढ्या दिवसापुरते अधिकार द्यायचे आणि संध्याकाळी काढून घ्यायचे. दोन माणसे मिळतच नसतील तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी अपवादांचा रिपोर्ट वाचायचा: रद्द केलेल्या नोंदी, मागच्या तारखेच्या नोंदी, कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या खात्यांवरचे व्यवहार, सस्पेन्स खात्यातली (हिशेब न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात त्या खात्यातली) हालचाल. छोट्या शाखेत हा रिपोर्ट सहसा एका पानात बसतो.

आणि सक्तीची रजा. प्रत्येकाने वर्षातून एकदा सलग रजेवर जायचे, त्या काळात त्याचा आयडी बंद आणि टेबल दुसऱ्याकडे. 'आमचे अमुक तमुक कधीच रजा घेत नाहीत, फार निष्ठावान आहेत' असे वाक्य ऐकले की आम्ही त्या टेबलापासून तपासणी सुरू करतो. बहुतेक वेळा माणूस खरोखरच निष्ठावान निघतो. तरीही सुरुवात तिथूनच.

सॉफ्टवेअरवाला ऑनलाइन येऊन चूक दुरुस्त करून देतो. यात धोका काय?

मोठा आहे, आणि ऑडिटमध्ये तो क्वचित पकडला जातो. तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा गोषवारा) जुळत नाही, फोन जातो, तिकडचा मुलगा एनीडेस्क (दुरून आपला संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर) मागतो आणि डेटाबेसमध्ये थेट आकडा बदलतो. पडद्यावर जे झाले त्याचे व्हाउचर नाही, मेकर नाही, चेकर नाही. सगळी नियंत्रणे पुढच्या दाराला आणि मागचे दार सताड उघडे.

संस्थेकडून लेखी मागणी गेल्याशिवाय आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय डेटाबेसला हात लावायचा नाही. बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा छापून फाइलला लावायचा. सॉफ्टवेअर कंपनीचा आयडी एरवी बंद. काम असेल तेव्हा उघडायचा आणि काम झाले की बंद करायचा. डेटाबेसचा लॉग त्यांच्याकडे न राहता आपल्याकडेही यायला हवा. आणि एकच चूक दर महिन्याला 'मागून' दुरुस्त होत असेल तर ती चूक म्हणून सोडून देऊ नका, तिचे मूळ शोधायला लावा.

पिग्मीत घोटाळे का थांबत नाहीत? आता तर मशीन आले.

मशीनने पावतीपुस्तक गेले, माणूस तोच राहिला. गणपती पेठेतला किंवा मारुती रोडचा दुकानदार गल्ल्यावरून रोज शंभर-दोनशे रुपये देतो, पावतीकडे बघतही नाही, कारण एजंट गेली अनेक वर्षे येतोय. पैसे घेतले आणि मशीनमध्ये टाकलेच नाहीत, किंवा आज घेतलेले चार दिवसांनी टाकले, तर मशीनला ते कळणार कसे?

म्हणून इथले नियंत्रण दुकानदाराच्या हातात द्यावे लागते. प्रत्येक भरण्याचा एसएमएस थेट सर्व्हरवरून जायला हवा. ग्राहकाचा मोबाइल नंबर बदलण्याचा अधिकार एजंटला तर नाहीच, शाखेतल्या ज्या क्लार्कचे त्या एजंटशी रोजचे काम आहे त्यालाही नको. हा मुद्दा नेहमी सुटतो. एकाच मोबाइल नंबरावर किती पिग्मी खाती आहेत याचा रिपोर्ट काढा. एका नंबरावर घरातली चार खाती असू शकतात, चाळीस नसतात.

याशिवाय मशीन रोज संध्याकाळी रिकामे झालेच पाहिजे आणि रोकड त्याच दिवशी जमा. उद्यावर गेले की सिस्टीमने तो एजंट लाल दाखवायचा. वर्षातून दोनदा मुख्य कार्यालयातला माणूस न सांगता दुकानांत जाऊन बाकी पडताळून येतो, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात भारी आहे. एजंटची लाइन (वसुलीचा भाग) अधूनमधून बदलावी हे सगळे मान्य करतात आणि कोणी करत नाही, कारण ठेवी त्याच्या ओळखीने येतात. मग निदान संचालक मंडळाने ती जोखीम आपण जाणूनबुजून घेतोय असे ठरावात लिहावे.

सोनेतारण आणि बेदाणा तारण यांत संगणकाचा काय संबंध?

सोने खोटे की खरे ते सराफच सांगणार. पण एकाच सराफाने एकाच महिन्यात एकाच कर्जदाराचे किती दागिने तपासले, कोणत्या सराफाने पास केलेले सोने लिलावात कमी भरले, हे संगणक सांगतो. विचारावे मात्र लागते.

बेदाण्यात प्रश्न वेगळा. माल कोल्ड स्टोरेजमध्ये, पावती बँकेत. तोच माल दुसऱ्या पावतीवर दुसऱ्या बँकेत गेला का, हे पाहायला दोन्ही बाजूंचा डेटा जुळावा लागतो. कोल्ड स्टोरेजकडून दर महिन्याला लॉट नंबरसह शिल्लक साठ्याची यादी थेट ईमेलवर मागवा. कर्जदाराच्या हातून नको.

जोखीम नोंदवही कशी लिहायची? आम्ही इंटरनेटवरून एक नमुना घेतला आहे.

त्या नमुन्यात बहुधा 'सायबर हल्ल्याची शक्यता : मध्यम' असे काहीतरी असेल. त्याने काही होत नाही. नोंद अशी हवी: 'एटीएम स्विच आणि सीबीएस यांचा ताळमेळ शनिवारी-रविवारी होत नाही, सोमवारी दुपारपर्यंत चुकीची रक्कम गेली तरी कळणार नाही. जबाबदार : हिशेब विभागप्रमुख. उपाय : सुट्टीच्या दिवशी एका माणसाने घरून रिपोर्ट पाहणे आणि ठरावीक रकमेच्या वर गेले की फोनवर इशारा येणे.'

हे उदाहरण हवेतले नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या दिवसांत झाला. ११ तारखेला दुसरा शनिवार होता. खोट्या स्विचमधून परवानग्या दिल्या गेल्या, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि एकूण सुमारे ९४ कोटी गेले. हल्लेखोर आपले कॅलेंडर बघतात.

पंधरा-वीस नोंदी पुरतात. प्रत्येकीसमोर माणसाचे पद लिहा; 'आयटी विभाग' असे लिहिले की कोणीच जबाबदार नाही. कर्ज विभागाच्या माहितीची जोखीम कर्ज विभागाचीच असते, संगणकवाला फक्त यंत्र सांभाळतो.

पुराची तयारी यात येते का?

सांगलीत तर ती पहिल्या पानावर हवी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. दोन्ही वेळा सांगलीत घरे, दुकाने, पेढ्या पाण्यात गेल्या.

पुरात सर्व्हर बुडतो हे सगळ्यांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही ते बाकीचे. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच इमारतीत तळमजल्याच्या तिजोरीत. जनरेटर पार्किंगमध्ये. वीज खबरदारी म्हणून आधीच तोडलेली, मोबाइल टॉवरची बॅटरी संपलेली. सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडे, तो सांगलवाडीत अडकलेला. दुसरी सिस्टीम विश्रामबागला ठेवली म्हणजे झाले असे समजू नका. जागा उंचावर असली तरी वीज आणि इंटरनेट त्याच शहराचे. पर्यायी केंद्र कृष्णा-वारणेच्या खोऱ्याबाहेरच हवे.

आमचा सल्ला असा की बॅकअप परत लावून पाहण्याची चाचणी मे महिन्यातच घ्या. एक पूर्ण दिवस, पर्यायी ठिकाणावरून, खऱ्या शाखांसह. बॅकअप रोज घेतला जातो असे सांगणाऱ्या संस्था पुष्कळ. तो परत कधी लावून पाहिला, असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. पाणी चाळीस फुटांवर गेले की कोणी काय करायचे, पंचेचाळीसला काय, हे फोन नंबरांसह एका कागदावर छापून प्रत्येक शाखेत लावा. त्या दिवशी पीडीएफ उघडणार नाही.

आमचा डेटा सेंटर बाहेरच्या कंपनीकडे आहे. मग जोखीम त्यांची?

काम त्यांचे, जोखीम तुमची. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाल्यावर एनपीसीआयने (देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेने) त्यांना पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्यांतल्या अनेकांनी स्वतः काहीच चुकीचे केले नव्हते. पण शाखेसमोर ग्राहक उभा राहतो तो बँकेलाच बोल लावतो.

करारात हे तपासा: त्यांच्याकडे काही घडले तर किती तासांत कळवणार, आमचा ऑडिटर तिथे जाऊन तपासू शकतो का, त्यांनी काम पुढे आणखी कोणाला दिले आहे, आणि करार संपल्यावर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक करार गप्प असतात. सॉफ्टवेअर बदलायची वेळ येते तेव्हा संस्था अडते ती तिथेच.

आम्हाला नेमके कोणते नियम लागू होतात?

नागरी सहकारी बँक असाल तर रिझर्व्ह बँकेच्या १९ ऑक्टोबर २०१८ च्या मूलभूत सायबर सुरक्षा परिपत्रकापासून सुरुवात करा. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने त्यावर चार पातळ्या बांधल्या. जितक्या डिजिटल सेवा जास्त, तितकी पातळी वरची. आयटी सेवा बाहेर देण्याबाबतचे १० एप्रिल २०२३ चे निर्देश टियर १ आणि टियर २ बँकांना लागू नाहीत, म्हणजे ढोबळमानाने १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्यांना नाहीत. ७ नोव्हेंबर २०२३ चे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश व्यापारी बँका आणि मोठ्या एनबीएफसींसाठी (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी) आहेत, नागरी बँकांसाठी नाहीत. लागू नसले तरी वाचावेत. संचालक मंडळ, आयटी समिती, सुरक्षा अधिकारी यांची कामे कशी वाटायची ते त्यात स्पष्ट आहे.

पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. ठेवींना पाच लाखांच्या विम्याचे कवचही नाही. म्हणून नियम कमी असले तरी काळजी कमी करून चालत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर ती कंपनी आहे, हे तिचे संचालक विसरतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल असावा लागतो आणि तो बंद करता येता कामा नये. हळदीचा व्यवहार एक्सेलवर लिहून मार्चमध्ये हिशेबनीसाकडे पाठवणाऱ्यांनी यावर आजच बोलून घ्यावे.

साखर कारखान्यात आयटीची सगळ्यात मोठी जोखीम कोणती?

काटा. संगणक विभागात बसून वाटते पगार आणि स्टोअर महत्त्वाचे. शेतकऱ्याला विचारा, तो काट्याचे नाव घेईल.

चिटबॉयने (कारखान्याच्या फडावरच्या कारकुनाने) फडात चिठ्ठी दिली, ट्रॅक्टर आला, भरलेले वजन झाले, गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) ऊस पडला, रिकामे वजन झाले, वजाबाकी बिलात गेली. यात हात घालायला जागा तीन. एक, काट्याच्या इंडिकेटरवरचा (वजन दाखवणाऱ्या पडद्यावरचा) आकडा थेट संगणकात न येता हाताने टाकण्याची सोय. ती 'केबल खराब झाली तर' म्हणून ठेवलेली असते. हंगामात किती खेपा हाताने नोंदल्या गेल्या याचा रिपोर्ट पाळीनुसार काढा, चित्र लगेच दिसते. दोन, रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला न करता साठवलेले जुने वजन वापरणे. तीन, रद्द झालेल्या आणि पुन्हा छापलेल्या पावत्या. पावतीच्या क्रमांकात मध्ये खंड पडला तर त्याचे कारण त्याच दिवशी लिहिलेले हवे.

दोन्ही वजनांच्या वेळी गाडीचा फोटो, शेतकऱ्याला तत्काळ एसएमएस आणि बाहेर वजन करून आणलेली गाडी न कुरकुरता घेणे, एवढे केले की वाद बरेच शमतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. म्हणजे काट्यावरची नोंद ही आर्थिक नोंदच आहे, आणि तिचे ऑडिटही तसेच व्हायला हवे.

हल्ला झाला, सर्व्हर लॉक झाला. पहिल्या तासात काय करायचे?

नेटवर्कची वायर काढा, मशीन फॉरमॅट करू नका. घाईने फॉरमॅट करणे ही नेहमीची गडबड. त्यात पुरावाच जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचे असते, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. बँक असाल तर रिझर्व्ह बँकेलाही कळवायचे. ग्राहकांचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार. चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर सहकारी बँकांसाठीच्या डिसेंबर २०१७ च्या सूचनांप्रमाणे त्याची जबाबदारी शून्य. 'तुमचाच ओटीपी गेला असेल' हे ऐकवण्याआधी हे लक्षात असू द्या. सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

संचालकांना संगणकातले कळत नाही. त्यांनी काय विचारायचे?

तांत्रिक काही नाही. गेल्या महिन्यात मागच्या तारखेच्या नोंदी किती झाल्या आणि का? सस्पेन्समध्ये तीस दिवसांपेक्षा जुने काय पडून आहे? नोकरी सोडून गेलेल्यांचे आयडी बंद झाले का, कोणी तपासले? बॅकअप परत लावून शेवटचा कधी पाहिला? उत्तर तोंडी न घेता सिस्टीममधून काढलेल्या रिपोर्टवर घ्या, आणि रिपोर्ट काढताना शेजारी बसा. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात ४४ कर्जखाती दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे पुढे आले. दिलेली यादी मान्य करणारा प्रत्येकजण त्यात फसला.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर वैयक्तिक बसू शकते. 'मला त्यातले कळत नाही' हा तिथे बचाव होत नाही.

आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक) किंवा कोबिट (आयटी कारभाराची चौकट) घ्यावे का?

मोठ्या बँकेने जरूर. पतसंस्थेने प्रमाणपत्रावर पैसे घालण्याआधी पासवर्ड आणि बॅकअप सुधारावा. आयएसओच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे आहेत. यादी म्हणून वाचली तरी उपयोग होतो.

ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे. वर्षभराची रजिस्टरे तयार करून द्याल का?

नाही. बारा महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने झालेल्या असतात; पाहताक्षणी कळते. शिवाय सर्व्हरचा लॉग वेगळेच सांगतो. त्याऐवजी आजच्या तारखेपासून नोंदी सुरू करा, मागची पाने कोरी राहू द्या, आणि कोणत्या तारखेपासून काय सुरू केले ते त्याच अधिनियमाच्या कलम ८२ खालच्या दोषदुरुस्ती अहवालात लिहा. मसुदा करायला मदत लागली तर तेवढी आम्ही करू.